फ्रीरेडियस आणि माणसागणिक परवानग्या: सात वर्षं वापरल्यानंतरचं मत

शुक्रवारी संध्याकाळी पावणेसहाला लेखा विभागातून फोन आला. "मॅडम, नेट चालू आहे, पण आमचा सर्व्हर दिसतच नाहीये." मी लॉग उघडला. त्यांचं लॉगिन व्यवस्थित झालं होतं. पासवर्ड बरोबर, सर्टिफिकेट बरोबर, लॉगिन तपासणाऱ्या फ्रीरेडियस सर्व्हरनं होकार दिलेला. पण होकाराबरोबर स्विचला, म्हणजे सगळ्यांच्या केबल जिथं येतात त्या यंत्राला, जो निरोप जायला हवा होता, 'यांना व्हीलॅन ४० मध्ये घ्या', तो गेलाच नव्हता. व्हीलॅन म्हणजे एकाच नेटवर्कचे पाडलेले वेगवेगळे कप्पे. मग स्विचनं पोर्टवर मुळात लावलेला व्हीलॅन दिला, आणि तो आमच्याकडे पाहुण्यांचा आहे. इंटरनेट मिळालं, हिशोबाचं एक पानही उघडेना. पाचच मिनिटांत भांडार विभागाचा तसाच फोन आला.

त्या संध्याकाळी काय चुकलं होतं ते पुढे येईलच. आधी हे सांगते की फ्रीरेडियसबद्दल जे लिहिलं जातं ते बहुतेक 'लॉगिन झालं' इथवर येऊन थांबतं. आत आलेल्या माणसाला कुठवर जाऊ द्यायचं, किती वेळ, कुठल्या यंत्रावरून, हा भाग एका परिच्छेदात उरकतात. माझं रोजचं काम नेमकं त्या भागात आहे. सहाशेच्या आसपास माणसं, दहा-बारा ग्रुप आणि प्रत्येक ग्रुपात एखादा तरी असा, ज्याला बाकीच्यांपेक्षा वेगळं काहीतरी द्यावं लागतं. म्हणून हे परीक्षण फक्त तेवढ्यापुरतं आहे: एकेका युजरची परवानगी लावायची असेल तर फ्रीरेडियस कसा आहे.

थोडी ओळख. रेडियस हा प्रोटोकॉल १९९१ मध्ये लिव्हिंगस्टन कंपनीनं बनवला, तो फोनच्या तारेवरून मोडेमनं जोडणाऱ्यांसाठी. आज सगळे ज्याच्या आधारानं चालतात तो आरएफसी २८६५ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) जून २००० चा. फ्रीरेडियस हा त्याचा मुक्त सर्व्हर १९९९ मध्ये मिकेल व्हान स्मूरेनबर्ग आणि ॲलन डीकॉक यांनी सुरू केला. मी ३.० पासून वापरते आहे, सध्या ३.२ वर आहे. ते मोडेमचे दिवस अजून फाइलीत दिसतात. सोबत येणारी 'ऑथराइझ' फाइल उघडा, त्यात नमुन्यादाखल स्टीव्ह नावाचा युजर आहे, त्याला १७२.१६.३.३३ हा पत्ता दिलेला, आणि शेवटी पीपीपी, स्लिप या मोडेमच्या काळातल्या जोडणीच्या पद्धतींच्या डिफॉल्ट नोंदी. नव्या माणसाला वाटतं हे आपल्या कामाचं नाही. पण माणसागणिक परवानगीची सगळी रीत त्या स्टीव्हच्या नोंदीत आहे. मी शिकले ती तिथूनच.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करावी लागते. रेडियसमध्ये 'तुम्ही कोण' आणि 'तुम्हाला काय चालेल' यांची उत्तरं एकाच पाकिटातून जातात. टॅकॅक्स प्लस या अशाच दुसऱ्या प्रोटोकॉलमध्ये हे दोन वेगळे प्रश्न आहेत, एकेका कमांडसाठीसुद्धा पुन्हा विचारता येतं. रेडियसमध्ये होकाराच्या पाकिटात जे घातलं तेवढंच स्विचला कळतं. त्यात एखादी ओळ राहिली तर स्विच परत विचारायला येत नाही, आपल्या समजुतीनं वागतो. लेखा विभागाचं तेच झालं होतं.

दुसरी गोष्ट क्रमाची. नावावरून वाटतं की आधी ऑथेंटिकेट (ओळख पटवणं) आणि मग ऑथराइझ (परवानगी देणं). फ्रीरेडियसच्या फाइलीत उलट आहे. 'ऑथराइझ' हा भाग आधी चालतो. त्यात सर्व्हर माणसाची सगळी माहिती गोळा करतो: पासवर्ड कुठला, अटी कुठल्या, उत्तरात काय द्यायचं. त्यानंतर 'ऑथेंटिकेट'मध्ये पासवर्ड ताडून पाहतो, आणि सगळं झाल्यावर 'पोस्ट-ऑथ'. माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक नव्या मुलाला मी पहिल्या दिवशी हे कागदावर काढून देते, कारण हे डोक्यात बसलं नाही तर पुढचं सगळं उलटं दिसतं.

आता प्रत्यक्ष नोंद. फाइलीत युजरची नोंद अशी असते: पहिली ओळ डावीकडच्या कडेला चिकटून, तिच्यात नाव आणि अटी. त्याखाली टॅब देऊन उत्तराच्या ओळी, प्रत्येक ओळीच्या शेवटी स्वल्पविराम, फक्त शेवटची ओळ स्वल्पविरामाशिवाय. व्हीलॅन द्यायचा तर तीन ओळी लागतात. टनेल-टाइप, त्याची किंमत व्हीलॅन, म्हणजे १३. टनेल-मीडियम-टाइप, किंमत ६. आणि टनेल-प्रायव्हेट-ग्रुप-आयडी, त्यात व्हीलॅनचा क्रमांक किंवा नाव. तीनपैकी एक जरी विसरली तरी स्विच उरलेल्या दोन्हींकडे बघत नाही. हा नियम आरएफसी ३५८० मधला आहे, त्यामुळे बहुतेक स्विच तो पाळतात. माणसासाठी गाळणी लावायची असेल तर फिल्टर-आयडी, ठरावीक पत्ता द्यायचा असेल तर फ्रेम्ड-आयपी-ॲड्रेस. फिल्टर-आयडीत फक्त नाव जातं, त्या नावाची नियमांची यादी स्विचवर आधीच असावी लागते. हे लक्षात न घेता सर्व्हरवर नाव लिहून मोकळं होणारे खूप जण पाहिलेत.

सर्व्हर फाइल वरून खाली वाचतो आणि पहिली जुळणारी नोंद सापडली की थांबतो. पुढे जायचं असेल तर त्या नोंदीत फॉल-थ्रूला 'यस' द्यावं लागतं. म्हणून खास माणसांच्या नोंदी वर आणि 'डिफॉल्ट' सगळ्यांत खाली, हा क्रम सोडू नये. घाईत कुणी डिफॉल्टची नोंद मध्येच टाकली तर तिच्याखालची सगळी नावं असून नसल्यासारखी होतात, आणि सर्व्हर कसलीही चूक दाखवत नाही, कारण त्याच्या दृष्टीनं चूक झालेलीच नसते.

पंचवीस-तीस युजर असतील तर ही फाइल उत्तम आहे. डोळ्यांना सगळं एका जागी दिसतं, आवृत्त्या जपून ठेवता येतात, काल काय होतं आणि आज काय आहे हे समोरासमोर ठेवता येतं. बदल केल्यावर सर्व्हरला फाइल पुन्हा वाचायला सांगावं लागतं, एवढंच. माणसं वाढली की डेटाबेसकडे जावं लागतं, आणि फ्रीरेडियसची खरी ताकद आणि खरी अडचण दोन्ही तिथं आहेत.

डेटाबेसमधली रचना सरळ आहे. 'रॅडचेक' टेबलात माणसाच्या अटी, 'रॅडरिप्लाय'मध्ये माणसासाठीचं उत्तर. 'रॅडयुजरग्रुप'मध्ये कोण कुठल्या ग्रुपात आणि कुठल्या प्राधान्यानं. मग ग्रुपच्या अटी आणि ग्रुपचं उत्तर अशी आणखी दोन टेबलं. सर्व्हर आधी माणूस वाचतो, नंतर ग्रुप. इथं फायदा असा की बदल केला की पुढच्या लॉगिनला लागू, सर्व्हरला हात लावावा लागत नाही.

प्रत्येक ओळीत 'ऑप' नावाचा एक बारीकसा रकाना असतो. दोन अक्षरांचा. माझ्या मते पूर्ण फ्रीरेडियसमध्ये सगळ्यांत जास्त लक्ष द्यायची जागा ती आहे. '==' म्हणजे आलेल्या विनंतीशी ताडून बघ. ':=' म्हणजे आधी काही असेल तर काढून हेच ठेव. '=' म्हणजे आधी काही नसेल तरच ठेव. '+=' म्हणजे जे आहे त्यात आणखी एक घाल. आणि हा रकाना रिकामा सोडला तर सोबत मिळणारा टेबलाचा साचा रॅडचेकमध्ये आपोआप '==' घालतो. पासवर्डच्या ओळीला ते चालत नाही, तिथं ':=' हवं. यंत्राचा पत्ता ताडायच्या ओळीला मात्र '==' च हवं.

या रकान्यानं माझे कसे हाल केले ते सांगते. भांडार विभागातले एक सहकारी दोन महिन्यांसाठी लेखा विभागाच्या मदतीला गेले. ग्रुप बदलायचा नव्हता, कारण त्यांचं मूळ काम भांडारचंच होतं. मी रॅडरिप्लायमध्ये त्यांच्या नावावर व्हीलॅन ४० च्या तीन ओळी घातल्या, तिन्हींना ':=' दिलं. ते लॉगिन झाले आणि परत भांडारच्या व्हीलॅन ३० मध्येच. नावाचं स्पेलिंग पाहिलं, टेबल पाहिलं, स्विचचं पोर्ट पाहिलं. त्यांना तीन वेळा केबल काढून लावायला सांगितली. ते बिचारे शांतपणे सांगितलं तसं करत होते, आणि त्यांचं काम अडलेलं मला दिसत होतं. शेवटी सर्व्हर डिबगमध्ये, म्हणजे प्रत्येक पायरी छापून दाखवत, चालवला तेव्हा ओळीखाली ओळ दिसलं: आधी ४० लागला, आणि लगेच खाली भांडार ग्रुपच्या उत्तरानं तो काढून ३० ठेवला. ग्रुपच्या ओळींनाही मी ':=' च दिलेलं होतं. ग्रुप नंतर वाचला जातो, म्हणजे शेवटचा शब्द ग्रुपचा झाला.

त्या दिवसापासून ग्रुपच्या उत्तराला कायम '=' आणि माणसाच्या उत्तराला ':='. मग माणसासाठी काही लिहिलेलं असेल तर ग्रुप त्याला हात लावत नाही, आणि नसेल तर ग्रुपचं लागू होतं. चुकूनही तिथं '+=' देऊ नका. दोन व्हीलॅन एकाच पाकिटात जातात आणि कुठला घ्यायचा ते स्विच ठरवतो. हा बारकावा कागदपत्रांत कुठंतरी आहे, पण तो पहिल्या पानावर ठळक असायला हवा होता. माझी ही तक्रार आजही कायम आहे.

अटींबद्दलही एक गोष्ट. रॅडचेकमधल्या एका माणसाच्या सगळ्या अटी जुळल्या तरच त्याची नोंद जुळली असं धरलं जातं. मी एका ऑपरेटरच्या नावावर कॉलिंग-स्टेशन-आयडीची, म्हणजे यंत्राच्या पत्त्याची, अट घातली, हेतू असा की त्या यंत्रावरून आला तर खास परवानगी, नाहीतर साधी. झालं असं की दुसऱ्या यंत्रावरून त्यांचं लॉगिनच बंद, कारण पासवर्डची ओळही त्याच नोंदीत होती आणि नोंदच जुळली नाही. 'या यंत्रावरूनच' आणि 'या यंत्रावरून असेल तर' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीसाठी अट रॅडचेकमधून काढून ग्रुपच्या अटींत टाकावी लागते. शिवाय यंत्राचा पत्ता कुठला स्विच आडव्या रेघांनी पाठवतो, कुठला अपूर्णविरामांनी, कुठला नुसता सलग. तो एका साच्यात आणायचं धोरण फ्रीरेडियसबरोबर तयार येतं. ते चालू केल्याशिवाय पत्त्यांवर अटी लिहायला घेऊ नका.

आता त्या शुक्रवारकडे येते. त्याच्या आदल्या दिवशी मी सर्व्हर नव्या मशीनवर हलवला होता. जुन्या कॉन्फिगमधून उचलाउचल न करता नवं कोरं कॉन्फिग घेतलं, त्यात आमचे बदल एकेक करून घातले. चाचणीला 'रॅडटेस्ट' चालवला, उत्तरात तिन्ही ओळी आल्या. समाधान वाटलं. पण रॅडटेस्ट साधा पासवर्ड पाठवतो, आणि आमची माणसं पीप या सुरक्षित लॉगिनच्या पद्धतीवरून येतात. पीपमध्ये दोन संवाद असतात. बाहेरचा, ज्यात नाव नुसतं 'ॲनॉनिमस' असतं, आणि त्याच्या पोटात बोगद्यातला आतला, ज्यात खरं नाव आणि पासवर्ड. माणसाच्या परवानग्या खऱ्या नावावरून सापडतात, म्हणजे आतल्या संवादात. आणि स्विचला दिसतो फक्त बाहेरचा. आतलं उत्तर उचलून बाहेरच्या उत्तरात घातलं नाही तर ते आतच राहतं.

जुन्या कॉन्फिगमध्ये हे काम एका ओळीनं व्हायचं. ती ओळ आता मोडीत काढली आहे. नव्या रीतीत 'इनर-टनेल' फाइलीच्या पोस्ट-ऑथ भागात एक ठोकळा तयार ठेवलेला असतो, आतलं उत्तर बाहेरच्या सत्राच्या माहितीत नेऊन ठेवणारा. त्याच्या डोक्यावर लिहिलेलं असतं 'जर ०'. म्हणजे तो बंद आहे. त्या शून्याचा एक केला की चालू. वरच्या टिपणात तसं सांगितलेलंही आहे. मी ते टिपण वाचलं नव्हतं.

हाताखालचा मुलगा शेजारी बसून डिबग वाचत होता. "ताई, आत ४० दिसतोय. बाहेरच्या पाकिटात काहीच नाही." त्याच्या या एका वाक्यावर सगळं उलगडलं. शून्याचा एक केला, सर्व्हर पुन्हा सुरू केला, लेखा विभागाला केबल काढून लावायला सांगितलं. सहा वाजून दहा मिनिटांनी त्यांचा सर्व्हर त्यांना दिसला.

तेव्हापासून मी रॅडटेस्टवर विसंबत नाही. 'ईएपीओएल टेस्ट' नावाचं साधन पीपचा पूर्ण संवाद करून दाखवतं आणि शेवटी स्विचला नेमकं काय मिळेल ते छापतं. प्रत्येक ग्रुपातला एक आणि खास नोंद असलेला प्रत्येक माणूस, यांची चाचणी घेतल्याशिवाय मी आता बदल चढवत नाही.

आणि इथं मला मनापासून कौतुक करायचं आहे ते या डिबगचं. सर्व्हर थांबवून 'वजा मोठा एक्स' देऊन चालवला की तो प्रत्येक विनंतीची पूर्ण कहाणी सांगतो. कुठलं मॉड्यूल चाललं, त्यानं काय उत्तर दिलं, नोंद सापडली तर फाइलीच्या कितव्या ओळीवर सापडली, अट कुठली ताडली, ती खरी ठरली की खोटी, आणि शेवटी पाकिटात काय गेलं. मी पैसे मोजून घेतलेली, सुंदर पडद्यांची साधनंही वापरली आहेत. त्यांच्यात 'धोरण लागू झाले' एवढंच दिसायचं. कुठलं, का आणि कोणत्या क्रमानं, हे शोधायला मदत केंद्राला फोन करून बसावं लागायचं. फ्रीरेडियस काहीही लपवत नाही. सुरुवातीला त्या शेकडो ओळी पाहून दडपण येतं. पण रोज दोन विनंत्या पूर्ण वाचायच्या असं पंधरा दिवस केलं की नजर बसते. एवढ्या एका गोष्टीसाठी मी हा सर्व्हर सोडणार नाही.

वेळेची बंधनं हा माझा दुसरा आवडता भाग. लॉगिन-टाइम या अटीत 'डब्ल्यूके०९००-१८००' असं लिहिलं की सोमवार ते शुक्रवार नऊ ते सहा. एवढ्यावर थांबत नाही. तो माणूस पाच वाजून वीस मिनिटांनी आला तर सर्व्हर उरलेला वेळ मोजतो आणि उत्तरात सेशन-टाइमआउट २४०० सेकंद घालतो. म्हणजे सहा वाजता सत्र संपणारच. कुणी घड्याळ बघत बसायला नको. आमच्याकडे बाहेरून कामाला येणारे तंत्रज्ञ आहेत, त्यांच्यासाठी हे वरदान आहे. आधी संध्याकाळी कुणी ना कुणी पोर्ट बंद करायला विसरायचंच.

फक्त तीन अटी आहेत. लॉगिन-टाइमचं मॉड्यूल ऑथराइझ भागात डेटाबेसच्या खाली असायला हवं, कारण अट वाचल्यावरच ती तपासता येईल. पीपमध्ये हा टाइमआउटही आतल्या उत्तरात तयार होतो, तेव्हा तो शून्य-एकचा ठोकळा इथंही लागतो. आणि स्विचला 'वेळ सर्व्हरकडून घे' असं सांगितलेलं असावं लागतं. सोबत टर्मिनेशन-ॲक्शन दिलं तर वेळ संपल्यावर स्विच पुन्हा ओळख विचारतो, न दिलं तर सत्र तोडतो. आम्ही कायम कर्मचाऱ्यांसाठी पहिलं वापरतो, तंत्रज्ञांसाठी दुसरं.

अडचण येते ती चालू सत्रात. माणूस आत आला की त्याची परवानगी आपण डेटाबेसमध्ये कितीही बदलली तरी पुढच्या लॉगिनपर्यंत काही होत नाही. त्यासाठी आरएफसी ५१७६ मधली सोय आहे. सर्व्हरच्या बाजूनं स्विचला ३७९९ पोर्टवर निरोप पाठवायचा: याचे अधिकार बदल किंवा याला काढ. फ्रीरेडियसमधला 'रॅडक्लायंट' हा निरोप पाठवतो, त्यात काही खोट नाही. पण पुढचं सगळं स्विचच्या हाती. आमच्या एका मजल्यावरचे स्विच व्हीलॅन बदलतात, 'झालं' म्हणून उत्तरही देतात, आणि संगणकाला त्याचा पत्ताच लागत नाही. तो जुनाच आयपी पत्ता धरून बसतो. माणसाला वाटतं नेट बंद पडलं. म्हणून आता आम्ही अधिकार बदलत नाही, सरळ सत्र तोडतो. संगणक नव्यानं लॉगिन होतो, नवा पत्ता घेतो, काम पुढे चालू. पाच-सात सेकंदांचा खंड पडतो, तो परवडला.

एकाच वेळी किती ठिकाणी लॉगिन, हे सायमल्टेनियस-यूजनं बांधता येतं. पण ते अकाउंटिंगच्या, म्हणजे सत्र कधी सुरू झालं आणि कधी संपलं त्याच्या, नोंदींवर चालतं. सत्र संपल्याचं पाकीट वाटेत हरवलं तर माणूस कागदोपत्री आतच राहतो आणि त्याला स्वतःच्याच नावावर प्रवेश नाकारला जातो. आम्ही ते बंद केलं.

सुरक्षेबद्दल एक गोष्ट टाळून चालणार नाही. जुलै २०२४ मध्ये रेडियस प्रोटोकॉलमधलीच एक कमतरता उघड झाली. मध्ये बसलेल्याला, पाकीट खरं आहे का ते तपासायच्या एमडी५ या जुन्या पद्धतीच्या दुबळेपणामुळे, नकाराचा होकार करता येत होता. ही चूक कुठल्या एका सर्व्हरची नव्हती, मूळ रचनेतली होती. पीपसारख्या पद्धतींना ती लागू पडत नव्हती, कारण तिथं प्रत्येक पाकिटावर वेगळी खूण सक्तीची असते. पण स्विचच्या ॲडमिन लॉगिनसाठी बरेच जण साधा पासवर्डच वापरतात. फ्रीरेडियसनं त्याच महिन्यात ३.२.५ आवृत्ती काढली. तिच्यात प्रत्येक क्लायंटसाठी, म्हणजे सर्व्हरला विचारणाऱ्या प्रत्येक स्विचसाठी, ती खूण सक्तीची करायची सोय आहे. जुन्या आवृत्तीवर असाल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी हे करा. आणि क्लायंटच्या फाइलीत सर्व्हर आणि स्विचमधलं नमुन्याचं गुपित 'टेस्टिंग१२३' कुठं राहिलंय का तेही त्याच बैठकीत पाहून घ्या.

उणिवा सांगायच्या तर पहिली ही की यात स्वतःचा पडदा नाही. सगळं फाइलीत आणि टेबलात. मदतनीसाला 'या माणसाला पंधरा दिवस परवानगी दे' असं सांगायचं असेल तर त्याला टेबल उघडून द्यावं लागतं, किंवा आपण स्वतः छोटं पान बनवावं लागतं. मी बनवलं. त्या पानावर 'ऑप'चा रकाना दिसतच नाही, तो पान स्वतः भरतं. दुसरी उणीव कागदपत्रांची. माहिती भरपूर आहे, बरीचशी फाइलींच्याच टिपणांत आहे, आणि ती टिपणं फार चांगली आहेत. पण एका विषयाची माहिती चार फाइलींत विखुरलेली. माणसागणिक परवानगी समजून घ्यायला मला ऑथराइझ फाइल, इनर-टनेल, डेटाबेसच्या क्वेरी आणि मॉड्यूलची टिपणं असं सगळं शेजारी ठेवून वाचावं लागलं. ज्याच्याकडे या कामाला रोजचा तासभरही देणारा माणूस नाही, त्यानं तयार पडद्यांचं साधन घ्यावं, हे मी स्पष्ट सांगते. ज्याच्याकडे असा एक माणूस आहे, त्यानं दुसरं काही बघू नये.

शेवटी, वेळ संपणाऱ्या खास परवानग्यांचं. एक्स्पायरेशन नावाची अट आहे, आणि पहिल्यांदा सगळे तीच वापरतात. पण ती माणसाचं लॉगिनच बंद करते. तारीख उलटली की तो परत आपल्या ग्रुपच्या परवानगीवर येत नाही, दाराबाहेर जातो. कंत्राटी माणसाला ते योग्य. दोन महिने दुसऱ्या विभागात बसणाऱ्याला नाही. मी रॅडरिप्लाय टेबलात दोन रकाने वाढवले, एक 'कधीपर्यंत' आणि एक 'कुणी सांगितलं'. फ्रीरेडियसमध्ये डेटाबेसच्या क्वेरी फाइलीत उघड्या असतात, बदलता येतात. माणसाचं उत्तर आणणाऱ्या क्वेरीत एक अट जोडली: तारीख उलटलेली ओळ आणूच नको. नोंद टेबलात राहते, कुणाच्या सांगण्यावरून दिली होती तेही राहतं, पण ती लागू होत नाही.

भांडारचे ते सहकारी दोन महिन्यांनी एक तारखेला सकाळी आपल्या जुन्या टेबलावर जाऊन बसले. मी डिबग लावून बघत होते. रॅडरिप्लायमधून शून्य ओळी आल्या, मग ग्रुप, मग ३०. त्या दिवशी त्यांच्याकडून मला एकही फोन आला नाही.